लाइट गेली म्हणून विमान पडत नसतं दाजी

परवा आमच्या पाव्हण्यांच्या ग्रुपवर दाजींनी एक फॉरवर्ड टाकला. वर तीन लाल दिवे, खाली 'विमानानं जाणाऱ्या प्रत्येकाला पाठवा'. महिन्याभरात हा मेसेज मला चौथ्यांदा आलाय, एकदा तर आमच्या आयटीआयच्या स्टाफ ग्रुपवरच आला आणि तिथं इलेक्ट्रिशियन ट्रेडच्याच एका सरांनी त्याला अंगठा दिलेला बघून मी हातातला चहा खाली ठेवला. आता दाजी मोठे, त्यांच्या तोंडी लागायचं नसतं, म्हणून दोन दिवस गप बसलो. पण काल ताईचा फोन आला. भाच्यानं दोघांची हैदराबाद ते बेंगळुरू तिकिटं काढलीयेत, दोघांचंही पहिलंच विमान, आणि ताई म्हणती, "कॅन्सल कर म्हण त्याला, आपण रेल्वेनं जाऊ, वर गेल्यावर लाइट गेली तर काय करायचं?" मग म्हटलं आता लिहावंच लागतंय.

ज्यांच्यापर्यंत हा मेसेज पोचला नाही (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी त्यात काय आहे ते सांगतो. आजकालची विमानं पूर्ण विजेवर आहेत, लाइट गेली की इंजिन बंद. समोरच्या स्क्रीन काळ्या झाल्या की पायलट आंधळा. बॅकअप आहे म्हणतात पण ते फक्त कागदावर. त्यापेक्षा जुनी काट्याच्या घड्याळांची विमानं बरी होती. एका जंबो विमानात किचनचं पाणी सांडून लाइट गेली होती पण कंपन्या असलं सगळं दाबतात. आणि शेवटी आपल्या भागातल्या लोकांसाठी खास फोडणी, १९९३ ला चिकलठाण्याला विमान पडलं ते पण लाइटमुळंच.

मी काय पायलट नाही. परभणी जिल्ह्यात आयटीआयला बावीस वर्षं झाली इलेक्ट्रिशियनच्या पोरांना शिकवायलोय, आणि विमान अपघातांचे तपास अहवाल वाचायचा नाद आहे, बायको त्याला खूळ म्हणते. तर एकेक मुद्दा घेऊ.

पहिला, इंजिनाचा. हे मुळातच उलटं सांगितलंय. विमानात लाइट इंजिन चालवत नाही, इंजिन लाइट बनवतं. आपला जुना ट्रॅक्टर एकदा धक्का मारून चालू केला की बॅटरी काढून घरी नेली तरी तो दिवसभर नांगरट करतो, हे गावातल्या शेंबड्या पोराला माहितीय. जेट इंजिनाचं तसंच आहे, आतला जाळ एकदा पेटला की पेटलेलाच राहतो, ठिणगी लागते ती सुरू करताना, किंवा मुसळधार पावसात वगैरे खबरदारी म्हणून. तेल ओढणारा मुख्य पंप इंजिनाच्याच गिअरबॉक्सवर बसवलेला असतो. राहिला इंजिन कंट्रोल करणारा कॉम्प्युटर, तर त्याला स्वतःचा वेगळा छोटा अल्टरनेटर असतो, तोसुद्धा इंजिनावरच. म्हणजे घरातली सगळी लाइट गेली तरी मोटर चालूच राहावी अशी वेगळी लाइन.

आणि घरातली सगळी लाइट जायची म्हणजे तरी काय काय जायला पाहिजे ते बघा. ताईचं विमान बहुतेक एअरबस ए३२० च्या घराण्यातलं असेल. त्यात प्रत्येक इंजिनावर ९० केव्हीएचा (केव्हीए म्हणजे जनरेटरची ताकद मोजायचं माप) एक जनरेटर, शेपटीत एक छोटं इंजिन असतं एपीयू नावाचं त्यावर तिसरा, तोही ९० चाच, म्हणजे एकटा एक जनरेटर विमानाची गरज भागवू शकतो. (११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ. आपल्याकडं ५० हर्ट्झ. फ्रिक्वेन्सी वाढवली की मोटर आणि ट्रान्सफॉर्मर लहान नि हलके होतात म्हणून. हा प्रश्न मी दर वर्षी पोरांना विचारतो आणि दर वर्षी वर्गात शांतता पसरते.) ते तिन्ही गेले तर पोटाखालून एक छोटा पंखा बाहेर पडतो, हवेच्या झोतानं फिरतो आणि त्याच्यावर ५ केव्हीएचा इमर्जन्सी जनरेटर चालतो. शिवाय बॅटऱ्या. बोइंग ७८७ मध्ये तर सहा जनरेटर आहेत, इंजिनांवर २५० चे चार आणि एपीयूवर २२५ चे दोन.

तो पंखा म्हणजेच 'रॅट'. २०२५ च्या अहमदाबादच्या अपघातानंतर हा शब्द आपल्याकडं चहाच्या टपरीवरपण ऐकू यायला लागला, आणि 'रॅट बाहेर आला म्हणजे लाइट गेली होती' असं जो तो सांगायलाय. प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच बंद स्थितीत गेल्याची नोंद आहे, म्हणजे आधी इंजिनं बंद आणि मग रॅट. क्रम महत्त्वाचा आहे. त्याच्या पुढचं मी बोलणार नाही, माणसं गेलीत त्यात.

इंजिनं खरंच बंद पडली तर काय होतं त्याचं उदाहरण १९८३ चं आहे. एअर कॅनडाचं बोइंग ७६७, तेव्हा नवंकोरं, स्क्रीनवालं कॉकपिट. किलो आणि पौंडाच्या गोंधळात तेल निम्मंच भरलेलं, ४१ हजार फुटांवर दोन्ही इंजिनं गप. इंजिनं गेली म्हणजे जनरेटर गेले, जनरेटर गेले म्हणजे स्क्रीन काळ्या. उरलं काय, तर बॅटरीवरची दोन-चार स्टँडबाय उपकरणं, होकायंत्र आणि तो खालचा पंखा, जो त्या विमानात हायड्रॉलिक दाब द्यायचा. पायलटनं गिमली नावाच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर ते जड धूड घसरत उतरवलं, ६९ च्या ६९ माणसं जिवंत. म्हणजे लाइट गेल्यावर विमान नीट उतरवणं, जे मेसेजप्रमाणं होऊच शकत नाही, ते चाळीस वर्षांपूर्वी झालेलं आहे, तेपण इंजिनाशिवाय.

आता दुसरा मुद्दा, स्क्रीन काळ्या झाल्या की पायलट आंधळा. इथं मी थोडा थांबणार आहे कारण यात अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं खरं फार महागात पडलेलं आहे.

१८ जानेवारी १९६९. युनायटेड एअरलाइन्सचं बोइंग ७२७, फ्लाइट २६६, लॉस एंजेलिसहून डेन्वरला निघालेलं. संध्याकाळची वेळ, अंधार पडलेला, खाली ढग, पुढं समुद्र. ७२७ ला तीन इंजिनं आणि तीन जनरेटर. त्यातला तीन नंबरचा जनरेटर काही दिवसांपासून बंदच होता. नियमात ते बसत होतं, विमानात कुठली वस्तू नादुरुस्त असताना उडायला परवानगी आहे याची एक यादी असते, त्या यादीप्रमाणं दोन जनरेटरवर उडता येत होतं. (आपणपण तीन मोटरींपैकी एक रिवायंडिंगला टाकून दोनवर भिजवतोच की.) उडाल्या उडाल्या एक नंबर इंजिनाला आगीची घंटा वाजली. पायलटनं पुस्तकाप्रमाणं ते इंजिन बंद केलं, त्याच्याबरोबर त्याचा जनरेटर गेला. राहिला एकटा दोन नंबर. आणि तोही गेला. का गेला ते तपासात शेवटपर्यंत ठरलं नाही. बॅटरीवरची स्टँडबाय लाइन होती, ती का आली नाही, कुणी चालूच केली नाही का केली पण चालली नाही, तेपण ठरलं नाही. जे ठरलं ते एवढंच, की अंधारात ढगात असताना विमान सरळ आहे का कलतंय हे दाखवणारं एकही उपकरण चालू राहिलं नाही. उड्डाणापासून चार-पाच मिनिटांत विमान समुद्रात. ३८ माणसं होती, ३८ गेली.

लोक म्हणतात, विमान कलतंय हे माणसाला कळत नाही का, अंगाला जाणवत नाही का? नाही कळत. माळेगावच्या जत्रेत गोल फिरणाऱ्या पाळण्यात बसून डोळे मिटून बघा. सुरुवातीला फिरल्यासारखं वाटतं, मग एकसारखा वेग झाला की वाटतं पाळणा थांबला, आणि खरंच थांबायला लागला की वाटतं आता उलटा फिरायलाय. कानाच्या आत जे पाणी असतं ते असंच फसवतं. डोळ्याला क्षितिज दिसत असेल तर मेंदू सुधारून घेतो, ढगात रात्री क्षितिजच नसतं. म्हणून कॉकपिटमध्ये सगळ्यात मोलाची वस्तू कुठली म्हणाल तर ते कृत्रिम क्षितिज, वर निळं खाली तपकिरी गोल.

तर १९६९ च्या त्या अपघातानंतर काय झालं? अमेरिकेत नियम आला की मोठ्या जेट विमानात कॅप्टनचं एक, को-पायलटचं एक, याच्याशिवाय तिसरं कृत्रिम क्षितिज पाहिजे, आणि त्याची लाइट जनरेटरच्या लाइनवर नको, वेगळ्या जागेवरून पाहिजे. सगळे जनरेटर बंद पडल्यावरपण ते कमीत कमी ३० मिनिटं चाललं पाहिजे, आणि पायलटला काही न करता आपोआप चालू राहिलं पाहिजे. कॉकपिटच्या फोटोत मधोमध, दोन्ही पायलटना दिसेल असा एक छोटा चौकोनी डबा दिसतो ना, सगळ्या मोठ्या स्क्रीनच्या गर्दीत पोरकं वाटणारा, तोच तो.

आणि आता मेसेजचा चौथा मुद्दा इथंच उरकून टाकतो, 'जुनी काट्याची विमानं बरी होती'. अहो ते १९६९ चं ७२७ काट्याचंच होतं! काट्याची उपकरणंपण लाइटवरच चालायची, आतला भोवरा फिरवायला लाइट लागतेच. आणि आपल्या मुंबईचं उदाहरण विसरलात काय. १ जानेवारी १९७८, एअर इंडियाचं 'सम्राट अशोक', ७४७, रात्री दुबईला निघालेलं. त्याची लाइट गेली नव्हती, कॅप्टनसमोरचं एकटं कृत्रिम क्षितिज बिघडलं, विमान सरळ असताना उजवीकडं कललेलं दाखवायला लागलं. कॅप्टननं ते सरळ करायला डावीकडं वळवलं, आणखी वळवलं. मागं बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरनं त्या उपकरणावर विश्वास ठेवू नका अशा अर्थाचं बजावलंसुद्धा, पण खाली काळा समुद्र, वर काळं आभाळ, वेळच उरला नव्हता. उड्डाणापासून दीड-पावणेदोन मिनिटांत वांद्र्याच्या समोर समुद्रात, २१३ माणसं. सगळं काट्याचं कॉकपिट होतं ते. आताच्या विमानात दोन बाजूंच्या क्षितिजांचे आकडे एकमेकांशी सतत ताडून बघितले जातात, जुळले नाहीत की स्क्रीनवरच सूचना येते, एअरबसमध्ये 'चेक एटीटी' (म्हणजे कल तपासा) अशी अक्षरं येतात. जुनं ते सोनं हे लोणच्याला ठीक आहे.

तिसरा मुद्दा माझ्या आवडीचा. 'बॅकअप फक्त कागदावर'. यावर मी दाजींना पूर्ण खोटं पाडणार नाही, कारण एक काळ असा होता की बॅकअप होतं, चांगलं दणकट होतं, पण ते चालू करायला माणसाचा हात लागायचा.

हे समजायला मंगल कार्यालयात चला. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याच्या लग्नाला गेलो होतो, कार्यालयाचं नाव सांगत नाही. जनरेटर नवा, डिझेल फुल, सगळं ओके. मंगलाष्टकं चालू आणि लाइट गेली. जनरेटर एका मिनिटात धडधडायला लागला, बाहेरून आवाज येतोय, आत मात्र काळोख. का? तर मेनबोर्डावरचं चेंजओव्हरचं हँडल वीज मंडळाच्या बाजूला होतं ते जनरेटरच्या बाजूला फिरवायचं होतं, आणि ते फिरवणारा पोरगा मागं पंगतीत जेवायला बसलेला. 'सावधान' झालं ते मोबाइलच्या टॉर्चवर. मी अंधारात चाचपडत जाऊन हँडल फिरवलं, हाताला तुपाचा वास लागला, त्याच पोराचा हात आधी लागलेला असणार.

आता २२ ऑक्टोबर २००५ ची रात्र. ब्रिटिश एअरवेजचं एअरबस ए३१९, लंडनहून बुडापेस्टला. वर चढत असताना खाडकन आवाज झाला आणि कॅप्टनच्या स्क्रीन गेल्या, को-पायलटच्या गेल्या, ऑटोपायलट गेलं, रेडिओ गेला, कॉकपिटमधली बहुतेक लाइट गेली. दोन्ही इंजिनं मात्र मस्त चालू. कॅप्टननं 'मेडे', म्हणजे संकटाचा इशारा, पुकारला तो कुणाला ऐकूच गेला नाही. स्टँडबाय क्षितिज होतं पण त्याच्यावर पुरेसा उजेड नव्हता, नशीब म्हणा की आभाळ मोकळं होतं आणि बाहेर खरं क्षितिज दिसत होतं. साधारण ९० सेकंदांनी को-पायलटनं वरच्या पॅनलवरचं एक बटन दाबलं आणि बहुतेक सगळं परत आलं. ते बटन म्हणजे आपलं चेंजओव्हरचं हँडल. 'एसी इसेन्शियल फीड' म्हणतात त्याला. झालं असं होतं की महत्त्वाची सगळी उपकरणं ज्या बसबारवर (पुढं वीज वाटून देणारी जाड पट्टी) होती तो बसबार नेहमी एक नंबरच्या लाइनवरून भरला जायचा, एक नंबर मेली तर त्याला दोन नंबरवर टाकायचं काम पायलटचं. दीड मिनिट म्हणजे बोलायला कमी वाटतं. हातातलं घड्याळ बघत अंधाऱ्या खोलीत दीड मिनिट बसून बघा.

वर्ष व्हायच्या आतच, १५ सप्टेंबर २००६ ला, इझीजेटचं ए३१९, स्पेनमधल्या अलिकांतेहून ब्रिस्टलला, १४४ माणसं. याचा एक जनरेटर आधीच बंद करून त्याच्या जागी एपीयूचा लावलेला (१९६९ आठवलं का? नादुरुस्त घेऊन उडायची तीच यादी). फ्रान्सवर असताना लाइन गेली आणि या वेळी बटन दाबूनपण फरक पडला नाही. कॅप्टनच्या स्क्रीन गेल्या, आणि सगळे रेडिओ गेले, सगळे म्हणजे सगळे, कारण दोन-तीन रेडिओ असले तरी ते बोलायची पॅनल एकाच लाइनवर होती. जमिनीवरच्या रडारला ओळख देणारा ट्रान्सपाँडरपण गेला. तसंच मुक्यानं ते विमान ब्रिस्टलपर्यंत आणून उतरवलं. को-पायलटच्या बाजूच्या स्क्रीन चालू होत्या म्हणून.

मग २००८ च्या जानेवारीत युनायटेडचं ए३२०, नेवार्कहून निघालेलं, उडाल्यावर लगेच निम्म्या स्क्रीन आणि रेडिओ गेले, दिवसाची वेळ होती, परत फिरून उतरलं. यावर अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेनं, एनटीएसबीनं, तपास केला तर या घराण्यातल्या विमानांत अशा ४९ घटना निघाल्या. एकोणपन्नास! आता दाजी म्हणतील बघ मी म्हणलोच होतो. हो, इथं मी तुमच्या बाजूनं आहे, ४९ घटना हा काही अभिमानानं सांगायचा आकडा नाही, पहिल्या चार-पाचातच हालचाल व्हायला पाहिजे होती. पण मेसेज तिथं थांबतो आणि खरी गोष्ट तिथून पुढं सुरू होते. एअरबसनं सुधारणा आणली ती अशी की एक नंबरची लाइन मेली की इसेन्शियल बसबार आपोआप दोन नंबरवर जातो, कुणी बटन दाबायची वाट बघत नाही. एनटीएसबीनं शिफारस केली की ही सुधारणा सगळ्या विमानांत सक्तीची करा, आणि स्टँडबाय क्षितिजाला नि एका रेडिओला मुख्य लाइन गेल्यावरपण ३० मिनिटं पुरेल अशी वेगळी लाइट द्या. नंतर तसे आदेश निघाले.

शेतकऱ्याला हे मी एका वाक्यात समजावतो. पूर्वी रात्री दोनला लाइट आली की बॅटरी घेऊन विहिरीवर जाऊन स्टार्टरचं हिरवं बटन दाबायला लागायचं, आता स्टार्टरला 'ऑटो' बसवला की लाइट आल्यावर मोटर आपली आपण चालू होते आणि तुम्ही गोधडीत. मोटर तीच, वायर तीच, स्टार्टर तोच, मधला माणसाचा हात तेवढा काढला. कॉकपिटमध्ये नेमकं तेच केलं. एकच फरक, विहिरीवर साप चावायची भीती असते.

पाचवा मुद्दा, किचनचं पाणी. ही घटना खरी आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्यानं ती कुठून तरी अर्धी उचललीय. ७ जानेवारी २००८, क्वांटासचं ७४७-४००, लंडनहून बँकॉकला, साडेतीनशेच्या वर माणसं. पुढच्या किचनमधली निचऱ्याची नळी तुंबली, पाणी फरशीवर, फरशीखालून विजेच्या कपाटांच्या खोलीत. जनरेटर कंट्रोल करणाऱ्या डब्यांवर पाणी पडू नये म्हणून झाकण होतं, ते तडकलेलं होतं. आपल्याकडं डीपीच्या पेटीचं झाकण वाऱ्यानं उडून जातं आणि पहिल्या पावसात फट्ट होतं ना, तेच. चारपैकी तीन बसबार मेले. चारही इंजिनं शेवटपर्यंत चालूच होती हे मेसेजमध्ये नाही. विमान बँकॉकच्या जवळ आलेलं होतं, बॅटरीवर जे चालायला पाहिजे होतं ते चाललं, नीट उतरलं, कुणाला ओरखडाही नाही. त्यानंतर त्या झाकणांची तपासणी आणि सुधारणा झाली. बॅटरी अर्धा तासाच्या हिशोबाची असते, विमान समुद्रावर मधोमध असतं तर काय, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो विचारायलाच पाहिजे होता.

आणि 'कंपन्या दाबतात' म्हणणाऱ्याला माझं एवढंच विचारणं आहे, की मग तुम्हाला हे पाणी सांडल्याचं कसं कळलं? ऑस्ट्रेलियाच्या तपास संस्थेनं अहवाल छापला म्हणून. फोटोसकट, कुठली तडक किती लांब इथपर्यंत. मी परभणीत बसून तो वाचलाय. १९९८ ला स्विसएअर १११ कॅनडाच्या किनाऱ्याजवळ पडलं, २२९ माणसं गेली, कॉकपिटच्या छतामागं वायरमध्ये ठिणगी उडून आतल्या अस्तरानं पेट घेतला होता. त्याचा तपास चार वर्षांच्या वर चालला, समुद्राच्या तळातून तुकडे गोळा करून विमानाचा पुढचा भाग परत जुळवला, अहवाल २००३ ला आला. त्यातून ते पेट घेणारं अस्तर काढायचे आदेश निघाले. त्यात आणखी एक गोष्ट होती, लाइट गेली तशी दोन्ही ब्लॅक बॉक्स पडायच्या सहा मिनिटं आधीच बंद पडले होते, म्हणजे ज्या वेळेचं ऐकायला पाहिजे होतं त्याच वेळेचं काही नाही. म्हणून पुढं नवीन विमानांत कॉकपिटचा आवाज रेकॉर्ड करणाऱ्या डब्याला स्वतःची वेगळी बॅटरी आली, मेन लाइन गेल्यावर दहा मिनिटं चालणारी, आणि अर्ध्या तासाऐवजी दोन तासांचं रेकॉर्डिंग. दाबणारे दाबत असतीलही, पण मग लपवायची वस्तू जास्त वेळ चालावी म्हणून तिला बॅटरी कोण लावतं हो?

राहिलं चिकलठाणा. हे वाचून मला सगळ्यात जास्त राग आला कारण तो दिवस मला आठवतोय. २६ एप्रिल १९९३, मी दहावीची परीक्षा देऊन घरी बसलो होतो, ऊन असलं की पत्र्यावर पापड भाजावा. रेडिओवर बातमी आली आणि गल्लीत सगळे गोळा झाले. इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७, फ्लाइट ४९१, दुपारी एकच्या सुमारास औरंगाबादहून मुंबईला उडालं. धावपट्टीच्या टोकाला बीड रोड, आणि रोडवर कापसाच्या गाठी भरलेला ट्रक. विमानाचं डावं चाक आणि डावं इंजिन त्या ट्रकला लागलं. ५५ माणसं गेली, ६३ वाचली. चौकशीत निघालं ते असं, की पायलटनं नाक उचलायला उशीर केला आणि उचलायची पद्धतही चुकली, आणि विमानाच्या वेळेला त्या रस्त्यावरची वाहतूक थांबवायला पाहिजे होती ती थांबवली गेली नाही. लाइटचा संबंध एवढाच, की ट्रकला धडकल्यावर पुढं जाऊन विमान हाय टेन्शनच्या तारांना लागलं. मला वाटतं तिथूनच कुणाच्या तरी डोक्यात 'लाइटमुळं' राहिलं आणि तीस वर्षांत तारेची लाइट विमानात शिरली. आपल्याकडं अफवेला एवढा वेळ भरपूर झाला.

तर ताई, तिकीट कॅन्सल करू नको. आणि एक सांगून ठेवतो म्हणजे घाबरणार नाहीस. विमान उभं असताना त्याची लाइट बाहेरच्या गाडीवरून नाहीतर शेपटीतल्या त्या छोट्या इंजिनावरून येत असते. दार बंद झाल्यावर मोठी इंजिनं चालू करताना ती लाइट त्यांच्या जनरेटरवर जाते, त्या वेळेला एसीचा आवाज बंद पडतो, आणि कधी कधी आतले दिवे डोळा मिचकावल्यासारखे एकदा झपकतात. दाजी तुझा हात धरतील बहुतेक तेव्हा. त्यांना म्हण, लाइट गेली नाही, चेंजओव्हर झालंय.